पर्जन्याचे अनुमान आणि माणसाचे दायित्व

हवामानाचा अंदाज ही आधुनिक जीवनातील इतकी नित्याची बाब झाली आहे की तिच्यात एखादा तात्त्विक प्रश्न दडलेला असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. तथापि जे अजून घडलेले नाही त्याविषयी आज काही सांगणे, ते सांगणे पूर्ण खात्रीचे नाही हे मान्य करणे आणि तरीही ऐकणाऱ्याने त्याप्रमाणे वागावे अशी अपेक्षा धरणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ज्ञान, दैव आणि कर्तव्य यांविषयीचे फार जुने प्रश्न पुन्हा उभे राहतात. ज्या ज्ञानाची खात्री देता येत नाही ते माणसाला कर्तव्याने बांधू शकते काय, आणि बांधत असेल तर नेमके कोणाला बांधते, हा त्यांतील मध्यवर्ती प्रश्न होय. उत्तर कोकणच्या किनारपट्टीसाठी पावसाळ्यात रोज निघणारा अंदाज या प्रश्नाच्या विचाराला विशेष सोयीचा आहे, कारण तेथे समुद्र, डोंगर आणि दाट लोकवस्ती एकमेकांना खेटून आहेत आणि अंदाजाचा एकेक शब्द कोणाच्या तरी उपजीविकेला किंवा जिवाला भिडतो.

प्रथम या अंदाजाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशाची ३६ उपविभागांत वाटणी केली असून कोकण आणि गोवा हा त्यांपैकी एक आहे. त्यातील पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि रायगड या जिल्ह्यांचा पट्टा व्यवहारात उत्तर कोकण म्हणून ओळखला जातो. या पट्ट्यासाठी ‘बहुतांश ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता’ अशा धर्तीची वाक्ये प्रसृत होतात आणि ती कानाला सैल वाटली तरी त्यांतील प्रत्येक शब्दामागे मोजमाप असते. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाला तर अतिमुसळधार आणि त्याहून अधिक झाला तर अत्यंत तीव्र अशा वर्गात मोडतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे क्षेत्रातील फार तर २५ टक्के केंद्रांवर आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक केंद्रांवर. खुद्द शक्यतेच्याही २५ टक्क्यांहून कमी, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ टक्क्यांहून अधिक अशा चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. अंदाज सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे हेच केवळ या परिभाषेतून व्यक्त होत नाही. किती ठाऊक नाही याचेही ती माप देते आणि तिचे तात्त्विक महत्त्व या दुसऱ्या गोष्टीत आहे.

ही अनिश्चितता निसर्गाच्या रचनेतूनच येते. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला आपटून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात, इतका भाग नियमित आहे. परंतु दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर पसरणारा कमी दाबाचा पट्टा कोणत्या दिवशी कोठे अधिक सक्रिय होईल, किंवा गुजरात आणि उत्तर कोकण यांच्या आसपास तीन ते सहा किलोमीटर उंचीवर निर्माण होणारे चक्राकार वारे नेमके कोठे स्थिरावतील, यावर एखाद्या तालुक्यातील पाऊस दुपटी-तिपटीने बदलतो. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पर्जन्याची दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता नोंद झाली तेव्हा सांताक्रूझ येथे चोवीस तासांचा पाऊस ९४४ मिलिमीटर होता, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात तो अवघा ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. ‘मुंबईत मुसळधार पाऊस पडेल’ हे विधान त्या दिवशी कुलाब्यापुरते तंतोतंत खरे ठरले असते आणि सांताक्रूझपुरते भयंकर अपुरे. प्रदेशाविषयीचे सत्य आणि त्या प्रदेशातील एखाद्या उंबरठ्याविषयीचे सत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव प्रादेशिक अंदाज वाचताना सतत जागी ठेवावी लागते.

या मर्यादेला १९६३ मध्ये एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने गणिती रूप दिले. संगणकावर हवेची गती मोजताना आरंभीच्या आकड्यातील दशांशस्थळांचा अगदी क्षुल्लक फरकसुद्धा काही काळाने संपूर्ण भिन्न हवामान दाखवतो, असे त्याला आढळले होते, आणि त्यावरून वातावरणाला नियम असूनही त्याचे दूरचे भविष्य व्यवहारात अज्ञेय राहते हा निष्कर्ष निघाला. रोजच्या हवामानाच्या तपशीलवार अंदाजाची ही सीमा साधारणपणे दोन आठवड्यांची मानली जाते. म्हणूनच आजची अंदाजकेंद्रे एकच गणित किंचित बदललेल्या अनेक आरंभस्थितींपासून पुन्हा पुन्हा चालवतात आणि त्यांपैकी किती वेळा मोठा पाऊस दिसतो हे पाहून शक्यतेची पायरी ठरवतात. या पद्धतीला समूह-अंदाज म्हणता येईल. विश्व नियमबद्ध आहे म्हणून ते पूर्णतः ज्ञेय आहे, किंवा ते ज्ञेय नाही म्हणून नियमहीन आहे, ही दोन्ही टोकाची मते या पद्धतीने सोडून दिलेली दिसतात.

भारतीय परंपरेने पर्जन्याच्या ज्ञानाचा विचार दोन निराळ्या वाटांनी केला. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची कल्पना मांडली असून गर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो असे गणित दिले आहे, आणि जो दैवज्ञ या गर्भलक्षणांकडे रात्रंदिवस एकाग्रतेने लक्ष देतो त्याचे पावसाविषयीचे बोल ऋषीच्या बोलांप्रमाणे खोटे ठरत नाहीत, असे आश्वासनही दिले आहे. अखंड निरीक्षणाचा हा आग्रह आदरास पात्र आहे, परंतु त्यामागील आदर्श अमोघ वाणीचा आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशा नक्षत्रांना बेडूक, म्हैस, मोर, कोल्हा अशी वाहने देऊन पावसाचे मान सांगणारी पंचांगे महाराष्ट्रात आजही वाचली जातात, आणि त्यांनाही चुकण्याच्या शक्यतेचे माप सांगण्याची गरज वाटत नाही. दुसरी वाट न्यायदर्शनाची, म्हणजे प्रमाणांची चिकित्सा करणाऱ्या शास्त्राची आहे आणि प्रस्तुत प्रश्नाला ती अधिक जवळची आहे.

न्यायसूत्रांवर सुमारे पाचव्या शतकात भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने अनुमानाचे प्रकार समजावताना पावसाचीच उदाहरणे घेतली आहेत. दाटून आलेले ढग पाहून पाऊस पडेल असे ठरवणे हे कारणावरून कार्याकडे जाणारे ‘पूर्ववत्’ अनुमान, आणि नदीला आलेला लोंढा पाहून वर कोठे तरी पाऊस झाला असला पाहिजे असे ठरवणे हे कार्यावरून कारणाकडे जाणारे ‘शेषवत्’ अनुमान होय. त्याच ग्रंथात पुढे आक्षेपक उभा राहतो आणि अनुमान हे प्रमाणच नव्हे असे म्हणतो, कारण नदी बांध घातल्यानेही फुगते, मुंग्या केवळ पावसाच्या चाहुलीने नव्हे तर वारूळ मोडल्यानेही अंडी हलवतात आणि मोराचा केकारव माणूसही हुबेहूब काढू शकतो. यावरचे उत्तर असे, की बांधाने तुंबलेले पाणी आणि वेगाने, फेस व काटक्या वाहून आणणारा पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील भेद न पाहता जो निष्कर्ष काढतो त्याच्या फसगतीचे खापर अनुमानावर फोडता येत नाही, ते त्याच्या घाईवरच फोडावे लागते. चुकीच्या अंदाजाने चिडून अंदाजाचे शास्त्रच मोडीत काढणाऱ्याला दिलेले हे उत्तर दीड हजार वर्षांनंतरही पुरेसे आहे. मात्र त्यात आज एका गोष्टीची भर घालावी लागते, ती म्हणजे सर्व लक्षणे काटेकोरपणे तपासल्यानंतरही काही अनिश्चितता शिल्लक उरते आणि ती कोणाच्याही निष्काळजीपणाची खूण नसते.

या शिल्लक अनिश्चिततेचे काय करावे, याचा वाद दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत आढळतो. तेथे चार्वाकपक्ष असे म्हणतो, की धूर पाहून अग्नीकडे जाणाऱ्या माणसाला निश्चयाची गरजच नसते. केवळ संभावनेवर, म्हणजे शक्यतेच्या जाणिवेवर त्याचा सर्व व्यवहार चालतो आणि प्रत्यक्षाशी मेळ बसला की तो त्या संभावनेलाच प्रमाण समजू लागतो. उदयनाचार्यांनी यावर असे सुचवले, की भविष्यकाळी किंवा अन्यत्र नियम मोडेल अशी शंका घ्यायची झाली तरी तो काळ आणि ते स्थळ अनुमानानेच गृहीत धरावे लागते, आणि शंकेला अखेर मर्यादा असते ती माणसाच्या स्वतःच्या वागण्याची. जो तृप्तीसाठी अन्न घेतो आणि धुरासाठी अग्नी शोधतो त्याने त्या नियमाविषयी शंका घेणे स्वतःच्याच कृतीशी विसंगत ठरते. आधुनिक अंदाज या दोन्ही पक्षांकडून काही ना काही घेतो. व्यवहार संभावनेवर चालतो हे चार्वाकांचे निरीक्षण त्याला मान्य आहे, आणि शंका कृतीच्या आड येण्याइतकी ताणता येत नाही हे उदयनाचार्यांचे म्हणणेही त्याला मान्य करावे लागते. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कलकत्त्यातील हवामान वेधशाळेत काम केले होते, आणि पुढे १९५४ मध्ये त्यांनी जैनांच्या स्याद्वादाचा संबंध संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनेशी जोडून दाखवला. कोणतेही विधान विशिष्ट दृष्टिकोनाच्या मर्यादेतच सत्य असते, अशी स्याद्वादाची भूमिका आहे. शक्यतेची पायरी आणि ठिकाणांचे प्रमाण सांगून बोलणारा प्रादेशिक अंदाज या भूमिकेपासून फार दूर नाही.

अंदाज हे प्रमाणाच्या कोटीतील ज्ञान आहे, इतके यावरून सिद्ध होते. परंतु ते माणसाला बांधते काय, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी वाक्यार्थाचा आणि कर्तव्याचा सूक्ष्म विचार करणाऱ्या मीमांसादर्शनाकडे वळावे लागते. मीमांसकांच्या मते वेदवाक्यांचे प्रयोजन कृतीला प्रवृत्त करण्यात आहे. जे वाक्य ‘हे करावे’ असे सांगते तो विधी, आणि जे केवळ वर्णन, स्तुती किंवा निंदा करते तो अर्थवाद, ज्याला विधीशी जोडल्यानेच सार्थता येते. हवामान विभागाच्या रंगसंकेतांकडे या दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग पावसाचे वर्णन करीत नाहीत. हिरव्याचा अर्थ काही करण्याची आवश्यकता नाही, पिवळ्याचा लक्ष ठेवा, नारिंगीचा सज्ज राहा आणि लाल म्हणजे रेड अलर्टचा अर्थ कृती करा, असा आहे. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिच्या परिणामाची तीव्रता या दोहोंचा एकत्रित विचार होतो, म्हणून संभव कमी पण हानी प्रचंड असेल तेथेही वरचा रंग देता येतो. अर्थात रंग हा विधी आणि मिलिमीटरचा आकडा हा त्याचा अर्थवाद ठरतो. अंदाज खरा ठरला की खोटा, हा प्रश्न अर्थवादाला लागू पडतो. विधीविषयी विचारायचा प्रश्न, उपलब्ध ज्ञानाच्या आधारे तो देणे योग्य होते काय, एवढाच असतो.

येथे दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरचे आणि माणसाच्या प्रयत्नाने घडणारे, यांच्या सीमेचा विचार अपरिहार्य होतो. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला कर्माचे महत्त्व पटवताना शेतकऱ्याचा दाखला देते. तो नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग स्वस्थ बसतो, कारण पुढचे कारण पर्जन्य आहे. पावसाने कृपा केली नाही तर शेतकऱ्याकडे दोष जात नाही, कारण जे करायचे ते सर्व त्याने केलेले असते. या दाखल्यात निर्दोषत्वाची एक स्पष्ट अट आहे, ती म्हणजे स्वतःच्या वाट्याचे कर्म पूर्ण करणे. महाभारतकाळी पेरणीनंतर आकाशाकडे पाहण्यापलीकडे शेतकऱ्याच्या वाट्याला काही उरत नव्हते. पुढील पाच दिवसांत पावसाची उघडीप राहील असा अंदाज हाती असताना मात्र पेरणी पुढे ढकलणे हेही त्याच्या वाट्याच्या कर्मात मोडू लागते. ज्ञान वाढले म्हणजे दैवाची सीमा मागे सरते आणि जेवढी ती मागे सरते तेवढे दायित्व पुढे येते. पूर्वी ज्याला निर्दोष म्हटले गेले असते त्याला आता ‘ठाऊक असूनही का केले नाही’ असे विचारता येते. ज्ञानाची ही किंमत आहे आणि ती नाकारून केवळ ज्ञानाचा लाभ घेता येत नाही.

ही किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती किनाऱ्यावर. सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन, वर्सोवा येथील कोळीवाड्यांत समुद्राची भाषा शतकानुशतके जोपासली गेली आहे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती, वाऱ्याचे पालटणे आणि पाण्याचा रंग यांवरून तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, निर्णय घेत आला आहे. या ज्ञानाच्या जोडीला आता मच्छीमारांसाठीचा इशारा येतो, ज्यात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे आणि झोताने ६५ किलोमीटरपर्यंत जाणारे वारे वाहतील, तरी समुद्रात जाऊ नये, असे सांगितलेले असते, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे स्थानिक सावधगिरीची खूण, चढवला जातो. नौकेत डिझेल आणि बर्फ भरलेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते, पापलेटचा हंगाम हातातून निसटत असतो आणि आकाश त्या क्षणी निरभ्र असते. अशा वेळी इशारा पाळणे म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या शांत समुद्रापेक्षा न दिसणाऱ्या अनुमानावर अधिक विश्वास ठेवणे होय, आणि त्यासाठी लागणारे मनोधैर्य वादळात नौका हाकण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नाही. शिवाय तांडेल केवळ स्वतःच्या जिवाचा निर्णय घेत नसतो; अनेकदा आदिवासी पाड्यांवरून आलेल्या खलाशांचे जीवही त्याच्या निर्णयावर तोललेले असतात, आणि त्यांना त्या निर्णयात क्वचितच वाटा असतो. दुसऱ्याच्या जिवाची जोखीम घेताना अनिश्चिततेचा लाभ स्वतःच्या सोयीकडे वळवणे हा अधर्म आहे, असे येथे निःसंदिग्धपणे म्हणावे लागते.

वादळ आलेच नाही तर काय, हा प्रश्न यानंतर येतो. बायबलमधील योनाच्या कथेत या प्रश्नाचा गाभा आहे, आणि वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती मच्छीमार समाजाला ती परकी नाही. चाळीस दिवसांत निनवे नगरीचा नाश होईल अशी घोषणा योना करतो. राजापासून रंकापर्यंत सर्व जण उपवास करून आपला मार्ग बदलतात आणि देव नाश टाळतो. तेव्हा योना संतापतो, कारण त्याचे भविष्य खोटे ठरलेले असते. वस्तुतः त्याची घोषणा ज्यासाठी होती ते साधले होते, आणि आपल्या शब्दाची प्रतिष्ठा नगरीच्या प्राणांहून मोठी मानणे ही त्याची चूक होती. हवामानाच्या बाबतीत फरक एवढाच, की माणसाच्या पश्चात्तापाने चक्रीवादळ वळत नाही. टळते ती हानी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा मुंबईत मोठी पूर्वतयारी झाली होती. शहर बऱ्याच अंशी बचावले, तर मुरूड, श्रीवर्धन आणि पुढे दापोली-मंडणगड भागात घरांचे आणि नारळी-पोफळीच्या बागांचे अपरिमित नुकसान झाले. मुंबईतील तयारी व्यर्थ गेली असे म्हणणारा माणूस योनाचीच चूक उलट बाजूने करतो, कारण काही अंतराने बदललेला मार्ग आधी कोणालाही निश्चित सांगता आला नसता. ज्या तयारीचा उपयोग करण्याची वेळ आली नाही तीसुद्धा उपलब्ध ज्ञानाच्या आधारे केलेले योग्य कर्म होते, आणि कर्माचे मूल्य केवळ फळावरून ठरवू नये हा गीतेचा उपदेश येथे अत्यंत व्यावहारिक अर्थाने लागू पडतो. त्याचबरोबर इशारा देणाऱ्यावरही एक बंधन येते: स्वतःवर दोष येऊ नये म्हणून सरसकट वरचा रंग देत राहणे हे सावधपणाच्या वेषातील दायित्व टाळणेच आहे, कारण त्याने शब्दावरचा विश्वास झिजतो आणि खऱ्या संकटाच्या दिवशी तो कामी येत नाही.

कोणाला बांधते, हा प्रश्नाचा दुसरा भाग आता विचारात घेता येईल. मीमांसकांनी विधीबरोबरच अधिकाराची, म्हणजे तो विधी कोणाला लागू होतो याची, चर्चा केली आहे. ज्याला फळाची इच्छा आहे, ज्याला काय करावे याचे ज्ञान आहे आणि ज्याच्या अंगी ते करण्याचे सामर्थ्य आहे, तोच अधिकारी ठरतो. ही कसोटी रेड अलर्टला लावली तर समाजाची एक उणीव उघडी पडते. ‘सुरक्षित स्थळी जा’ हा विधी ज्याला सुरक्षित स्थळ आहे त्यालाच बांधतो. दरडीखालच्या वाडीत किंवा नाल्याकाठच्या झोपडीत राहणारा, ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही असा माणूस, त्या विधीचा पूर्ण अधिकारी होतच नाही. त्याला इशारा ऐकवला आणि त्याने ऐकला नाही, असे म्हणून हात झटकणे तर्काने चुकीचे आणि धर्माने अन्याय्य आहे. मीमांसासूत्रकार जैमिनीने यज्ञाधिकाराच्या संदर्भात निर्धनतेचा विचार करताना असे ठरवले, की द्रव्याचा अभाव हा कायमचा अडथळा नव्हे, कारण द्रव्य मिळवता येते. त्याच न्यायाने येथे म्हणता येईल, की असामर्थ्य दूर करता येत असेल तर ते दूर करण्याचे कर्तव्य ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांच्याकडे जाते. निवारा, बुडालेल्या दिवसाची भरपाई आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत वेळेवर पोहोचलेला शब्द या गोष्टी दयेच्या सदरात मांडल्या जातात. वास्तविक त्या इशाऱ्याच्याच अर्थाचा भाग आहेत आणि त्यांच्यावाचून इशारा अर्धवट राहतो.

सामूहिक संयमाची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. माशांचे प्रजनन आणि खवळलेल्या समुद्रातील जीवितरक्षण हे तिचे दोन हेतू आहेत. कायद्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करेपर्यंत, नौका पाण्यात न लोटण्याचा रिवाज पाळला जात होता. या रिवाजात अंदाज, संयम आणि उपासना एकत्र नांदत होती, आणि सर्व जण थांबत असल्यामुळे थांबणारा एकटा तोट्यात जात नव्हता. उपग्रहाने ढगांची चित्रे पाठवायला सुरुवात केल्यावर या उपासनेचे प्रयोजन संपले, असे मानणारे मत उपासनेला अज्ञानाची भरपाई समजते. परंतु कुरआनच्या अठराव्या सूरहमध्ये, सूरह अल-कहफमध्ये, उद्या अमुक करीन असे म्हणताना ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ हे जोडण्याची आज्ञा आहे, आणि कोकणी मुसलमान ती रोजच्या बोलण्यात पाळतात. ही आज्ञा उद्याचे नियोजन करू नये असे सांगत नाही, नियोजनावर आपली पूर्ण सत्ता आहे हा अहंकार धरू नये असे सांगते. नारळ अर्पण करणारा कोळीही हवामानाची माहिती घेऊनच समुद्रात उतरतो. प्रामाणिक उपासना अंदाजातील शिल्लक अनिश्चिततेचा स्वीकार असते आणि त्या अर्थाने शक्यतेची टक्केवारी सांगणारे शास्त्र तिच्या शेजारी बसू शकते. याउलट ‘देवाची करणी’ म्हणून आधी कळलेल्या संकटाचा दोष देवावर ढकलणे यात भक्ती नाही. तेथे देवाचे नाव स्वतःच्या कर्तव्याच्या आड धरलेले असते.

दैवाची सीमा आज आणखी एका कारणाने बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतीय पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसून आले, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पपुरवठ्यातील वाढत्या चढउतारांशी त्यांचा संबंध दाखवला गेला. हे चढउतार वाढवणारे समुद्राचे तापणे मुख्यतः माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे होते, हे आता शास्त्राने प्रस्थापित केले आहे. द्रौपदीच्या दाखल्यात पर्जन्य हे कर्त्याच्या पूर्णपणे बाहेरचे कारण होते. आता त्या कारणातही मानवजातीचा हात शिरला आहे. मुंबईत मिठी नदीचे पात्र आक्रसले आणि खारफुटीच्या जागी भराव पडला, तेव्हा आकाशातून पडलेल्या पाण्याचा पूर किती होईल हेही अंशतः माणसानेच ठरवले. येथे कर्म करणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा अशी स्थिती असल्यामुळे ‘ज्याचे कर्म त्याला फळ’ हे सूत्र व्यक्तीच्या पातळीवर लागू होत नाही. ज्यांनी हवेत सर्वांत कमी भर घातली ते किनाऱ्यावरचे गरीब लोक सर्वांत आधी बुडतात. अशा परिस्थितीत पुराला केवळ दैव म्हणणे हे असत्य आहे, आणि पीडिताच्या पूर्वकर्माकडे बोट दाखवणे हे त्याहून मोठे पाप आहे.

अनिश्चित ज्ञान माणसाला बांधते काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यावरून होकारार्थी येते, पण ते सर्वांना सारखे बांधत नाही. अंदाज सांगणाऱ्याला ते सत्यनिष्ठेने बांधते, म्हणजे जेवढे ठाऊक आहे तेवढेच आणि जेवढे ठाऊक नाही त्याच्या मापासह, कोणाच्या भीतीने न वाढवता आणि कोणाच्या सोयीने न घटवता सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. ऐकणाऱ्याला ते त्याच्या सामर्थ्याच्या मर्यादेत बांधते आणि दुसऱ्यांचे जीव त्याच्या हाती असतील तर अधिक कठोरपणे बांधते. ज्यांच्याकडे सत्ता आणि साधने आहेत त्यांना ते सर्वाधिक बांधते, कारण इतरांचे सामर्थ्य वाढवणे त्यांच्याच हाती आहे आणि आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय रोजच्या अंदाजाने त्यांच्यासाठी उरू दिलेली नाही. भविष्य निश्चितपणे जाणण्याची माणसाची जुनी आकांक्षा पूर्ण होणार नाही, हे वातावरणाच्या गणितानेच दाखवून दिले आहे. तरीही धर्माचरणाला तशा निश्चयाची गरज नव्हती. शक्यतेच्या प्रकाशात, चुकण्याची तयारी ठेवून आणि दुर्बळाला बरोबर घेऊन वेळीच केलेले कर्म हेच मर्यादित ज्ञान असलेल्या प्राण्याला साधणारे आणि शोभणारे कर्म आहे, आणि प्रत्येक पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या समाजाची कसोटी लागते ती याच कर्माच्या बाबतीत.